रक्ताचा निकाल एका तासात, रुग्ण मात्र सहा तासांनी

एका पावसाळी रात्रीपासून सुरुवात करतो. आरे कॉलनीतील एका युनिटमध्ये तबेल्यावर काम करणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. रात्री साडेदहाच्या सुमारास ते अंथरुणावर पडले आणि छातीच्या मध्यभागी काहीतरी दाटून आल्यासारखे त्यांना वाटू लागले. घरच्यांनी ओवा दिला, मग सोडा दिला. साडेअकराला कळ जबड्यापर्यंत चढली तेव्हा शेजाऱ्याने रिक्षा काढली. खड्डे चुकवीत ते उपनगरातील एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचले, तेव्हा बारा वाजून गेले होते. ईसीजी काढला, तो ‘तसा ठीक’ निघाला. कार्डावर रक्ताचे थेंब टाकून ट्रोपोनिन पाहिले. एकच रेघ उमटली, म्हणजे निकाल नकारार्थी. पित्ताची गोळी घेऊन मंडळी घरी परतली. पहाटे पाचला पुन्हा रिक्षा, या वेळी दुसरे रुग्णालय, आणि निदान हृदयविकाराच्या झटक्याचे. गृहस्थ वाचले. परंतु हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला आहे आणि चाऱ्याचे भारे उचलणे आता त्यांना जमत नाही.

त्या रात्रीच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी ईसीजी काढला, रक्तही तपासले. प्रश्न असा आहे की कळ सुरू होऊन दोन तासही झालेले नसताना केलेली ती एकच कार्डचाचणी काय सांगू शकत होती? जगभरातील रुग्णालयांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. ते बदललेले उत्तर आपल्या उपनगरांपर्यंत पोहोचले आहे का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की तो स्नायू उपाशी पडतो. अर्ध्या तासाच्या आसपास त्यातील पेशी मरू लागतात आणि पुढील काही तासांत हे मरण पसरत जाते. मरणाऱ्या पेशींतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. हे प्रथिन एरवी स्नायूच्या आकुंचनाचे नियमन करते. जपानमधील सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६० च्या दशकात शोधून काढले. त्यापूर्वी, १९५४ साली अमेरिकन डॉक्टरांनी झटक्यानंतर रक्तात वाढणाऱ्या एका विकराची नोंद केली होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या फायलींत ‘एसजीओटी’ या नावाने ज्याचा आकडा आढळतो, तोच तो विकर. तो यकृताच्या आजारातही वाढत असल्यामुळे गोंधळ व्हायचा. पुढे सीपीके आणि त्याचा हृदयाशी निगडित प्रकार आला. ट्रोपोनिनच्या चाचण्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाल्या आणि २००० साली युरोपीय व अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्या करताना ट्रोपोनिनला अग्रस्थान दिले.

अडचण एकच होती. जुन्या चाचण्यांना रक्तात ट्रोपोनिन बऱ्यापैकी साठल्याशिवाय ते दिसत नसे. त्यामुळे पहिली चाचणी नकारार्थी आली तरी सहा तासांनी, कधी बारा तासांनी दुसरी करावी लागे. तोवर रुग्ण कॅज्युअल्टीत नाही तर वॉर्डात पडून. युरोपात २०१० च्या सुमारास अतिसंवेदनशील चाचण्या वापरात आल्या. अमेरिकेत त्यांना २०१७ साली परवानगी मिळाली. या चाचण्या निरोगी माणसाच्या रक्तातील अत्यल्प ट्रोपोनिनसुद्धा मोजतात. ट्रोपोनिन-टी या प्रकारच्या एका प्रचलित चाचणीत लिटरमागे १४ नॅनोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. उलट आपल्याकडे लहान रुग्णालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्डांवर रेघ उमटण्यासाठी प्रकारानुसार शंभर किंवा त्याहूनही कितीतरी अधिक नॅनोग्रॅम लागतात. आमच्या परिचिताच्या रक्तात त्या रात्री ट्रोपोनिन नव्हतेच असे नाही. असले तरी ते कार्डाला दिसण्याइतके नसावे.

अतिसंवेदनशील चाचणी हाती आल्यावर डॉक्टरांनी घड्याळही बदलले. युरोपीय मार्गदर्शिकेने २०१५ पासून ‘शून्य तास आणि एक तास’ ही पद्धत मान्य केली. रुग्ण आल्याबरोबर पहिले रक्त, बरोबर एका तासाने दुसरे. वर सांगितलेल्या चाचणीत कळ सुरू होऊन तीन तास उलटून गेले असतील आणि पहिलाच आकडा ५ च्या खाली असेल, तर झटका नाही असे तिथेच म्हणता येते. पहिला आकडा १२ च्या खाली आणि तासाभरातील फरक ३ पेक्षा कमी असला तरीही तेच. पहिला आकडा ५२ किंवा त्याहून जास्त असला, अथवा तासाभरात तो ५ किंवा अधिकने वाढला, तर झटका गृहीत धरून पुढे जायचे. मधल्या पट्ट्यात सापडणाऱ्यांना थांबवून तिसरी चाचणी करावी लागते. हे आकडे त्या एका चाचणीचे आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे निराळे असतात, म्हणून वाचकांनी आपल्या रिपोर्टवरील आकडा या ओळींशी ताडून पाहू नये.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. ईसीजीमध्ये वाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या निकालाची वाट पाहायचीच नसते. त्या रुग्णाला गुठळी विरघळविणारे औषध अथवा अँजिओप्लास्टी हवी असते, तीही ताबडतोब. म्हणूनच रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा दंडक आहे. वेगवान रक्तचाचणी आहे ती ईसीजी गप्प राहतो किंवा अर्धवट बोलतो त्या रुग्णांसाठी. आणि अशांची संख्या मोठी आहे.

अशा वेगवान पद्धतीचा फायदा खरोखर किती, हे स्कॉटलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले. तेथील सात रुग्णालयांतील ३१ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नवी पद्धत आल्यावर रुग्णांचा रुग्णालयातील सरासरी मुक्काम १०.१ तासांवरून ६.८ तासांवर आला. दाखल न होता घरी गेलेल्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले आणि घरी पाठविलेल्यांत पुढे झटका येण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. न्यूझीलंडमधील रुग्णालयांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. नमुना प्रयोगशाळेत न पाठविता रुग्णाच्या खाटेजवळच छोट्या यंत्रावर अतिसंवेदनशील चाचणी करण्याचा प्रयोग तेथे झाला आहे.

आरेतील मंडळींना हे चटकन उमजेल. तबेल्याचे दूध संकलन केंद्रावर आले की त्याची फॅट तिथल्या तिथे, मालक समोर उभा असतानाच मोजली जाते. कारण दूध थांबत नाही. हृदयाचा स्नायूही थांबत नाही. तरी त्याच्या रक्ताची बाटली शिपायाची, लिफ्टची आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाची वाट पाहत टेबलावर पडून असते, हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

स्कॉटलंडचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि आमच्या मते खरी मेख इथेच आहे. तिकडची तक्रार अशी होती की दुसऱ्या चाचणीसाठी रुग्ण तासन् तास अडकून पडतो. आपल्याकडे अनेकदा दुसरी चाचणी होतच नाही. खाट नसते, मागे वीस रुग्ण उभे असतात, रिक्षावाला बाहेर ताटकळत असतो, आणि रोजंदारीवर जाणारा माणूस स्वतःच म्हणतो, “डॉक्टर, आता बरं वाटतंय, जातो मी.” सहा तास थांबा असे सांगितले तर तो थांबणार नाही. एक तास थांबा असे सांगितले तर कदाचित थांबेल. तेव्हा हीच चाचणी तिकडे रुग्णाला लवकर घरी पाठविते. इकडे ती त्याला एक तास थांबवून ठेवू शकली तर तिचे मोल अधिक आहे.

येथे थोडे सावधही राहायला हवे. नवी चाचणी आली म्हणजे मृत्यू आपोआप कमी होतात असे नाही. स्कॉटलंडमधीलच आणखी एका अभ्यासात, जो २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, दहा रुग्णालयांतील ४८,२८२ रुग्ण होते. जुन्या चाचणीला न दिसलेली हृदयाची इजा नव्या चाचणीने १,७७१ जणांत दाखविली. परंतु त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांनाच गुठळीमुळे झालेला नेहमीचा झटका होता, आणि वर्षभरानंतर पाहता पुढील झटके व मृत्यू यांत घट दिसली नाही. ट्रोपोनिन मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात वाढते, रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर वाढते, फुप्फुसात गुठळी अडकली तरीही वाढते. आकडा वाढलेला आहे एवढ्यावरून अँजिओग्राफीच्या टेबलावर नेण्याची घाई झाली, तर हीच उत्तम चाचणी बिल वाढविण्याचे साधन होईल. खासगी वैद्यकाच्या शहरात ही भीती काल्पनिक नाही. डॉक्टरांनी पाहावयाचे असते ते आकड्याचे चढणे-उतरणे, रुग्णाची हकीकत, वय, मधुमेह, तंबाखू, आणि ईसीजी. २००८ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशा पाच बाबींना गुण देण्याची एक सोपी पद्धत मांडली, ती आज अनेक देशांत वापरली जाते. त्यात ट्रोपोनिन हा पाचांपैकी एक घटक आहे.

स्त्रियांविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. निरोगी स्त्रीच्या रक्तातील ट्रोपोनिन पुरुषापेक्षा कमी असते. ट्रोपोनिन-आय प्रकारच्या एका अतिसंवेदनशील चाचणीत पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम अशी वेगवेगळी मर्यादा आहे. म्हणजे निम्म्याहूनही कमी. सर्वांना एकच मोठी मर्यादा लावली की स्त्रीचा झटका हुकण्याची शक्यता वाढते. त्यात बायकांची कळ पुष्कळदा छातीत ठसठशीत नसतेच. थकवा, मळमळ, पाठीत दुखणे, दम लागणे. घरातील सर्वांचे जेवण होईपर्यंत ती कोणाला सांगतही नाही.

आता सहा तासांची गोष्ट. भारतातील हृदयविकाराच्या रुग्णांची एक मोठी पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. देशातील ८९ रुग्णालये, वीस हजारांहून अधिक रुग्ण. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ होता ३६० मिनिटे. रुग्णालयात आल्यानंतर गुठळी विरघळविणारे औषध टोचेपर्यंत लागत होती ५० मिनिटे. पाहणी जुनी आहे, रस्ते आणि रुग्णालये तेव्हापासून बदलली आहेत. परंतु या दोन आकड्यांचे परस्पर प्रमाण विसरता येत नाही. त्याच पाहणीत तीस दिवसांच्या आत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के, तर श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले होते. संशोधकांनी उपचारांतील तफावत हिशेबात घेतली तेव्हा हा फरक उरला नाही. गरिबाचे हृदय अधिक दुबळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार कमी होते.

आरे कॉलनीइतके या सहा तासांचे दर्शन घडविणारे ठिकाण मुंबईत क्वचितच असेल. मुंबईला स्वच्छ दूध मिळावे म्हणून शहरातील गोठे हलवून १९४९ साली ही वसाहत उभारायला घेतली गेली. १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. सुमारे १,२८७ हेक्टरांचा हा हिरवा पट्टा. त्यात तबेल्यांची युनिटे, कामगारांच्या चाळी, झोपडवस्त्या, चित्रनगरी, एका टोकाला उंच इमारती, आणि या सर्वांच्या आधीपासून राहत असलेल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी व इतर आदिवासींचे २७ पाडे. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात येथील दोन हजारांवर झाडे एका रात्रीपासून तोडली गेली तेव्हा हे नाव देशभर गाजले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो येथून सुरू झाली आणि वर्षभरात ती कफ परेडपर्यंत पोहोचली. स्थानकापासून शहराचे दक्षिण टोक आता तासाभराच्या प्रवासात आले आहे. पण पाड्यावरून स्थानकापर्यंत? काही पाड्यांना आजही घरापर्यंत वाहन जाईल असा रस्ता नाही. रात्री बिबट्याच्या भीतीने एकट्याने कोणी निघत नाही. २०२१ साली येथे बिबट्याचे हल्ले झाले ते लोक विसरलेले नाहीत. कळ येणाऱ्या माणसाला मुख्य रस्त्यापर्यंत चालवीत आणणे म्हणजे उपाशी स्नायूवर आणखी ओझे टाकणे आहे.

पलीकडे सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ सालचे ते चर्च १८४० च्या साथीनंतर सोडून ग्रामस्थ मरोळला गेले, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना घरच्या गप्पांतून ठाऊक असेल. साथीपुढे तेव्हा गाव सोडण्यापलीकडे इलाज नव्हता. आज इलाज आहे आणि तो दूरही नाही. जोगेश्वरीचे पालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय, धर्मभगिनींनी चालविलेले महाकाली मार्गावरील होली स्पिरिट, विलेपार्ल्याचे कूपर, सर्व काही किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. मुंबईच्या अरुंद गल्ल्यांसाठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये तीत दहा मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. कल्पना उत्तम होती. दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली ती आणखी पुढे नेली. त्या उपक्रमात मोटारसायकलवरून येणारे परिचारक घरीच ईसीजी काढीत, तो तज्ज्ञांना पाठवीत आणि गरज असल्यास गुठळी विरघळविणारे औषध तिथेच देत. तामिळनाडूतही छोटी रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून ईसीजी पाठविण्याची आणि रुग्ण हलविण्याची घडी बसविली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हे कोणत्याही नव्या रक्तचाचणीने घडले नव्हते. ईसीजी, दूरध्वनी आणि कोणत्या रुग्णाने कुठे जायचे याचा आधीच केलेला निर्णय, एवढ्यावर घडले होते.

तेव्हा अतिसंवेदनशील चाचणी उपनगरांत आणा ही मागणी करताना तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पाड्यापर्यंत पोहोचणारा ईसीजी ही एक. दुसरी पैशांची. महात्मा जोतीराव फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते, तिची मर्यादाही आता पाच लाखांपर्यंत वाढविली आहे. परंतु ती योजना उपचारांच्या पॅकेजवर उभी आहे. ज्याची छाती दुखली, दोनदा रक्त तपासले आणि झटका नाही असे ठरून जो घरी गेला, तो कोणत्या पॅकेजात बसतो? खासगी रुग्णालयात त्याचा खर्च त्याच्याच खिशातून जातो, आणि म्हणून पुढच्या वेळी तो येत नाही, ओवा खातो. ‘नाही’ हे उत्तर मिळविण्याचा खर्च कोणीतरी उचलल्याशिवाय ‘होय’ हे उत्तर वेळेवर मिळणार नाही.

आपल्या समाजातील कितीतरी मुली आणि स्त्रिया आज मुंबईच्या कॅज्युअल्टींत परिचारिका म्हणून काम करीत आहेत. शून्य तास आणि एक तास ही पद्धत कागदावर डॉक्टरांची असली तरी प्रत्यक्षात ती त्यांच्या हातात असते. एक तासाने म्हणजे एक तासाने. रक्त पावणेदोन तासांनी घेतले तर त्या तक्त्यातील आकडे लागू पडत नाहीत. गर्दीच्या रात्री हे सांभाळणे किती कठीण, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? आमच्या परिचितांच्या मुलीनेही आता नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. त्या रात्रीविषयी बोलताना ती कोणाला बोल लावत नाही. कळ नेमकी किती वाजता सुरू झाली हे घरातील एकालाही धड सांगता आले नव्हते, याचीच तिला अधिक चुटपुट लागून राहिली आहे; कोणी म्हणे दहा, कोणी म्हणे अकरा.

आरोग्य समिती असलेल्या धर्मग्रामांनी रविवारच्या मिस्सेनंतर पंधरा मिनिटे काढून एवढे तरी सांगावे. छाती, जबडा, डावा हात किंवा पाठ यांत दाटल्यासारखे वाटून पंधरा मिनिटांत ओसरले नाही, घाम फुटला, तर ओवा-सोडा बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये. कळ सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहावी आणि तो कागद रुग्णाच्या खिशात ठेवावा. कॅज्युअल्टीत ईसीजी लगेच मागावा. आणि पहिले रक्त नकारार्थी आले म्हणून घरी जा असे सांगितले गेले, तर नम्रपणे एवढेच विचारावे : डॉक्टर, दुसरे रक्त किती वाजता घेणार?